खंडेनवमीचं कुलूप

नाइन्टीएटचा सपोर्ट बंद झाला त्या दिवशी काहीही झालं नाही. दोन हजार सहाचा पावसाळा होता. भोरच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या दुकानातला संगणक नेहमीसारखा घरघरला, पडद्यावर ढग आले, ढग गेले, आणि मी कुणाचं तरी नावबदलाचं प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. नाइन्टीएट म्हणजे संगणकाच्या पोटातली मूळ यंत्रणा, जिच्या जिवावर बाकीची सगळी सॉफ्टवेअरं चालतात. ती बनवणारी कंपनी म्हणत होती की यापुढे तिचं बरंवाईट आमच्याकडे नाही. मी बातमी वाचली आणि संध्याकाळी त्याच पेपरात भजी बांधून घरी नेली.

मला तोवर या गोष्टींची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर वीटही आला होता. मी टायपिंग शिकले ते लोखंडी टाइपरायटरवर. मराठी तीस, मराठी चाळीस, दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास. उत्रोलीहून रोज चालत यायचे, बोटं सुजायची, तरी एक तास बुडवला नाही. इन्स्टिट्यूटचे सर म्हणायचे, हे हातातलं आहे, हे तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही. पाच वर्षांत त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या जागी मिठाईचं दुकान आलं. मग मी संगणक घेतला, मराठीचं सॉफ्टवेअर घेतलं. नशीब एवढंच की त्यात टाइपरायटरचीच मांडणी होती. कुठल्या बोटाखाली कुठलं अक्षर, ते सगळं जुनंच. तेव्हा वाटलं, चला, आता जन्माची सुटले. कशाची सुटतेय! कुठंतरी लांब बसलेला कुणीतरी दर चार-पाच वर्षांनी ठरवतो की तुम्हाला येतंय तेवढं पुरे, आता नवं शिका. आणि आपण इथं बसून मान डोलवायची.

त्या सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप आलं होतं. कुलूप म्हणजे काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. संगणकाच्या मागे प्रिंटरची वायर लागते त्या जागी तो खोचायचा. तो असेल तर मराठी उमटणार, नसेल तर पडद्यावर एकच ओळ, 'लॉक सापडत नाही'. कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून ती सोय. बसवायला आलेल्या माणसानं जाताना बजावलं होतं, "ताई, सीडी हरवली तरी चालेल, हे हरवू नका. हेच तुमचं सॉफ्टवेअर." मी ते वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची पटाशी, डेपोतल्या गाड्यांना झेंडूचे हार. मी काय पुजणार? मॉनिटरला हार घालायचे, झेरॉक्सच्या मशिनला हळदीकुंकवाचं बोट लावायचे, आणि ते कुलूप मात्र मागून काढून, ओल्या फडक्यानं पुसून, ताटात तांदळावर ठेवायचे. त्याला पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू, वर फूल, पुढं निरांजन. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. त्यामुळं कुलूप दुसऱ्या दिवसापर्यंत ताटातच बसायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून आलं की मी ते कोरडं पुसून परत जागेवर खोचायचे. सात वर्षं हे असंच चाललं आणि एकदाही काही बिघडलं नाही. आई म्हणायची, पूजेनं कधी काही बिघडत नसतं. बरोबर आहे तिचं. घाईनं बिघडतं.

आता चाचांबद्दल सांगते. चाचा सरकारी कचेरीच्या रेकॉर्डमधून निवृत्त झालेले कारकून. भोरमधलंच जुनं मुसलमान घर. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि खिशाला शाईचं पेन. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांचं पेन खिशातून कधी गेलं नव्हतं. त्यांना मोडी यायची. पूर्वी कागदोपत्री मराठी ज्या धावत्या लिपीत लिहायचे ती मोडी. शाळेतून ती केव्हाच उठली. भोर पडलं संस्थानचं गाव, त्यामुळं घरोघरी पत्र्याच्या डब्यांत मोडीचे कागद, आणि वाचणारं माणूस औषधालाही नाही. लोक कागद घेऊन चाचांकडे यायचे. चाचा म्हणायचे, चार दिवस ठेवून जा. मग तो कागद घेऊन माझ्या दुकानात.

त्यांना पुस्तक करायचं होतं. राजांचं नाही, सरदारांचं नाही. "त्येंचं लिवायला लई जण हायती," ते म्हणायचे. "ज्येचं कुनी लिवलं न्हाई त्येचं आपण लिवू." तर आम्ही कशाकशाचे कागद उतरवले! आमच्या उत्रोलीत भाताच्या खाचराला आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून दोन भावांची तक्रार. हरवलेल्या म्हशीचं वर्णन, शिंगाच्या वळणासकट. नवरा नांदवत नाही म्हणून एका बाईचा अर्ज, आणि खाली कुणा कारकुनाचा शेरा, 'बाई दोन दिवस दारात बसून आहे.' तो शेरा वाचून चाचांनी चष्मा काढून पुसला होता. चार वर्षांत एकशेऐंशीच्या वर कागद झाले. त्या कामाचे ते मला पैसे देऊ करायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचे.

आमची पद्धत ठरलेली होती. सकाळचं लोडशेडिंग अकराला संपलं की चाचा यायचे. दाराशी स्टूल टाकून बसायचे, कारण तिथं ऊन थेट कागदावर पडायचं आणि त्यांना तेवढ्या उजेडातच नीट दिसायचं. ते वाचणार, मी आत टाइप करणार. कागद ते घरून वाचून कधीच आणायचे नाहीत. एक ओळसुद्धा नाही. मी एकदा वैतागून म्हणाले, "चाचा, आधी नजर घालून आलात तर असं अडखळणार नाही. माझी बाकीची कामं पडून राहतात." ते म्हणाले, "पयल्यांदा वाचतो तवा डोळा खरं सांगतो, पोरी. दुसऱ्यांदा डोकं बोलाया लागतं. आन् डोकं लबाड असतं." मग ते अडखळायचे, मी थांबायचे, ते पुढे सरकायचे. पुढच्या एखाद्या कागदात मागच्या शब्दाचा उलगडा झाला की जुनं पान दुरुस्त करायला लावायचे. त्यामुळं प्रिंट काढायचं राहून जायचं. शेवटी एकदम काढू, असं मीच म्हणायचे. सीडीवर कॉपी होती, म्हणून मी निर्धास्त होते.

चाचांच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं आधीच गेली होती. त्या वर्षी उजवाही उतरायला लागला. पुण्याच्या मुलानं ऑपरेशन ठरवलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला दुपारी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता.

त्याच्या दोनच दिवस आधी वेल्ह्याहून चाचांचा चुलतभाऊ आला आणि घर आवरताना ट्रंकेत सापडलेला एक कागद देऊन गेला. चाचा तो घेऊन संध्याकाळी दुकानात आले तेव्हा लाइट नव्हते. अंधारात स्टुलावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते चार वर्षांत कधी बोलले नव्हते. त्यांचे आजोबा संस्थानच्या शाळेत शिक्षक होते, मोडी शिकवायचे. चाचांच्या वडिलांचं त्यांच्याशी बिनसलं आणि वडील घर सोडून वेल्ह्याकडे गेले ते परत उंबरा चढले नाहीत. चाचांना मात्र शिकायला आजोबांकडेच ठेवलं होतं. आजोबांनी नातवाला धूळपाटीवर मोडी गिरवायला शिकवली, पण मुलाचं नाव कधी काढलं नाही. "माजा बाप मरताना बी त्येच बोलला," चाचा म्हणाले. "बाबांनी येक चिठ्ठी सुदिक न्हाई पाठवली."

आणि ही चिठ्ठी होती. आजोबांच्या हातची. चाचांच्या चुलत्याच्या हाती दिलेली, आणि त्यानं ती पोचवलीच नव्हती. का, ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"भिंग लावून वरची वळ वाचली. चिरंजीव आमुक यांसी आशीर्वाद. मंग ठेवून दिली." त्यांनी कागदाची परत घडीवर घडी घातली. "फुडचं येकट्यानं वाचायची छाती न्हाई झाली. तुज्यासमोर वाचतो. ह्यो शेवटचा कागद, मग पुस्तक झालं. पन आपरेशनच्या आधी. फुडं नजर ऱ्हातीय का जातीय, कुनाला ठावं?"

मी म्हणाले, परवा सकाळी या. परवा खंडेनवमी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी मी लवकर येऊन पूजा उरकली होती. चाचा अकराला आले. रोजे चालू होते, चेहरा ओढलेला होता, पण सदरा कडक इस्त्रीचा. त्यांनी टेबलावरचं ताट पाहिलं, तांदळावरचं कुलूप पाहिलं, आणि दारातच थांबले. "आज तुमची खंडेनवमी न्हवं? हत्यार उचलत न्हाईत आज. ऱ्हाऊ दे पोरी. आल्यावर बघू."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मला मोठेपणा सुचला. "चाचा, हत्यार कसलं, प्लॅस्टिकचा ठोकळा आहे. देव काही रागावत नाही." असं म्हणून मी कुलूप उचललं, पदराला पुसलं आणि मागे खोचलं. हळदीकुंकू तासाभरापूर्वीचं होतं. वरून कोरडं दिसत होतं, पण कुलपाच्या तोंडाशी बारीक बारीक पंचवीस भोकं असतात, त्यांत ते ओलं भरलेलं होतं. कुठंतरी चट् असा आवाज झाला. अगदी लहान. मला तो ऐकू आला आणि मी तो ऐकला नाही असं स्वतःला सांगितलं.

'लॉक सापडत नाही.'

मी काढून पुसलं, परत घातलं. सुईनं एकेक भोक कोरलं. निरांजनाच्या उबेवर धरलं. उन्हात ठेवलं. प्रत्येक वेळी संगणक बंद करून सुरू करायचा, आणि तो ढग दाखवत दाखवत पाच मिनिटं घ्यायचा. "झालंच, चाचा. पाच मिनिटं." समोरच्या टपरीवरून मी सवयीनं दोन चहा मागवले, आणि कप पुढं आल्यावर आठवलं की त्यांचा रोजा आहे. लाजेनं मीही घेतला नाही. चहावर साय धरली. चाचा दाराशी स्टुलावर बसले होते, गुडघ्यावर कागद, कागदावर ऊन.

साडेबाराच्या सुमाराला ते म्हणाले, "वाचू का तवर नुसतं?"

माझ्या हातात सुई होती, कपाळाला घाम होता, आणि डोक्यात एकच गोष्ट, की हे कुलूप मीच मारलं आणि मीच जिवंत करणार. मी मान वर न करता म्हणाले, "थांबा ना चाचा, एकदमच घेऊ. तुम्हीच म्हणता ना, दुसऱ्यांदा डोकं बोलायला लागतं." ते हसले. "व्हय, त्ये बी खरं," म्हणाले, आणि थांबले.

तीन वाजता समोरच्या इमारतीची सावली उंबऱ्यावर आली. चाचांनी स्टूल बाहेर रस्त्याकडे सरकवलं. सावली मागोमाग गेली. साडेतीनला मुलगा गाडी घेऊन आला, घाईत होता, रोजा सोडायच्या आत पुण्याला पोचायचं होतं. चाचांनी कागदाची घडी केली आणि खिशात पेनाच्या मागे ठेवली. "आल्यावर," ते मला म्हणाले. मी म्हणाले, "आल्यावर नक्की. तोवर हे दुरुस्त करून ठेवते."

दसरा झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाज गोड, जणू लग्नाचं आमंत्रण देतेय. "मॅडम, ते व्हर्जन आपण बंद केलंय."

"मला नवं काही नको. फक्त कुलूप बदलून द्या."

"त्या व्हर्जनची लॉक्स आता बनत नाहीत, मॅडम. ते नाइन्टीएटवर चालायचं. नाइन्टीएटलाच सपोर्ट नाही, तर आम्ही कुठून देणार? तुम्ही नवीन मशिन घ्या, त्याच्यावर आमचं नवीन व्हर्जन घ्या."

"आणि माझ्या जुन्या फायली?"

"जुन्या फाइल्स नवीनमध्ये ओपन होत नाहीत."

मी विचारलं, तुमच्या ऑफिसात एखाद्या ड्रॉवरमध्ये पडलेलं जुनं कुलूप असेल, बघा ना. ती म्हणाली, तसं काही नसतं मॅडम. मी तिला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तिचा काही दोष नव्हता, आणि ते कळत असूनही मी बोलले. सीडीवरच्या कॉपीचं मी कोणत्या तोंडानं सांगणार? कॉपी उघडायलाही तेच कुलूप लागत होतं.

किकवीला हायवेच्या कडेला लग्नपत्रिका करणारा एक जण होता, त्याच्याकडं हेच सॉफ्टवेअर होतं. सीडी पिशवीत घालून एसटीनं गेले. तो उन्हाळ्यातच नव्या मशिनवर गेला होता. "जुनं लॉक जमा केलं ताई, त्याच्यावर सूट होती," तो म्हणाला, आणि मला नवीन सॉफ्टवेअरमधल्या फुलांच्या चौकटी दाखवत बसला. छान होत्या. परतीच्या गाडीची वाट बघत मी हायवेला उभी राहिले, अंगावर धूळ घेत. खूप दमले होते. त्या एका दिवसानं नव्हे, लोखंडी टाइपरायटरपासूनच्या सगळ्यानं.

चाचा ईदच्या आधी परतले. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, पण नजर आली नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे, उशीर झालाय, आशा कमी. ईदला मी त्यांच्या घरी गेले. चाचा पलंगावर बसले होते, टोपी नीट, सदरा नीट, खिशाला पेन. पावलावरून त्यांनी मला ओळखलं. "ये पोरी. शीरखुर्मा खाल्ल्याबिगर जायचं न्हाई." मी वाटी हातात धरून बसले आणि रडले. त्यांना आवाज येऊ नये असा प्रयत्न केला, पण आवाजाचंच आता त्यांना जास्त कळत होतं. "दूध लई आटलं का?" ते म्हणाले. "घोट उतरंना व्हय?"

ती चिठ्ठी मुलानं पुण्यात एका मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांना नेऊन दाखवली. त्यांनी मनापासून मेहनत घेतली असणार, पण सांगितलं की हात घाईचा आहे, वळण घरगुती आहे, ज्याला या हाताची सवय असेल त्यालाच सगळं लागेल. सवय असलेला माणूस भोरला पलंगावर बसला होता. जेवढं लागलं तेवढं त्यांनी एका पानावर लिहून दिलं, बाकी टिंबं. ते पान मी चाचांना वाचून दाखवलं. वर आशीर्वाद. मग टिंबं. 'तुझी माय'. टिंबं. 'पावसाआधी'. परत टिंबं. मग एक ओळ, 'घराचे दार', टिंबं, 'असे'. आणि शेवटी नेहमीचं, बहुत काय लिहिणे.

"दार काय असे?" चाचांनी विचारलं.

"तिथं टिंबं आहेत, चाचा."

"उघडं का बंद, कायच न्हाई?"

"नाही."

त्यांनी ते पान मागून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "येवढंच?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मला नवीन मशिन घ्यावंच लागलं. गिऱ्हाईक थांबत नाही. जुन्या फायली नव्या मशिनवर टाकून मी एकदा उगाच एक फाइल साध्या पानात उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. मध्येच आकडे, मध्येच स्वल्पविराम. मी त्याकडे बघत बसले आणि हळूहळू लक्षात आलं की टेबलावर माझी बोटं आपोआप हलतायत. प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे टाइपरायटरची एक कळ. अक्षर वाचायचंच नाही, ते कुठल्या बोटाखाली येतं एवढंच बघायचं, आणि त्या बोटाखाली माझं जुनं मराठी अक्षर जसंच्या तसं बसलेलं होतं. एक ओळ लागायला पंधरा मिनिटं लागली. 'बाई दोन दिवस दारात बसून आहे.'

मी चाचांकडे धावत गेले, चप्पल उलटसुलट घालून.

त्यानंतर सबंध हिवाळा आणि उन्हाळा आम्ही ते केलं. मी त्या भेळीची पानं छापून घेतली. चाचांना घरातली धाकटी सून हाताला धरून आणून सोडायची. ते त्याच स्टुलावर, त्याच दाराशी बसायचे. उन्हाची गरज नव्हती तरी तिथंच. मी एक हात टेबलावर नाचवत ओळ लावायचे, मोठ्यांदा वाचायचे, आणि मग वहीत उतरवून घ्यायचे. नव्या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी होती, ती अजून माझ्या बोटांत बसली नव्हती, त्यामुळं वहीच बरी वाटली. मी अडखळायचे, चाचा थांबायचे. "आता तू वाचणारी, आन् मी बसून ऱ्हाणारा," ते चिडवायचे. काही दिवशी दहा ओळीसुद्धा व्हायच्या नाहीत. मान भरून यायची, गिऱ्हाईक कुरकुरायचं, मला कधीकधी सगळं उचलून नदीत टाकावंसं वाटायचं. पण म्हशीच्या शिंगांचं वळण आलं की चाचा खुलायचे, आणि मग मी आणखी चार ओळी लावायचे. तीन वह्या भरल्या. पुढं नवी मांडणी शिकून मी त्या टाइप केल्या, आणि स्पायरल बाइंडिंगच्या पंचवीस प्रती निघाल्या. पण ते सगळं नंतरचं.

वह्यांचं काम संपलं तो मे महिन्यातला दिवस होता. एकशेऐंशीच्या वरचे सगळे कागद झाले होते, फक्त शेवटचा राहिला होता. तो आमच्या फायलीत नव्हताच. चाचा म्हणाले, "पुन्याच्या मान्सानं लिवून दिलंय तसंच उतरव. जेवढं हाय तेवढं." मी ते पान समोर ठेवलं आणि वहीत लिहायला लागले. आशीर्वाद लिहिला. तुझी माय लिहिलं. मध्ये टिंबं होती, ती मोजून तेवढीच द्यायची म्हणून मी एकेक देत गेले. दुपारी रस्त्यावर सामसूम होती.

"ह्यो टकटक आवाज कशाचा?" चाचांनी विचारलं.

"टिंबं देतेय, चाचा. पेनानं."

त्यांनी मान जराशी वाकडी केली, ऐकत राहिले. मी 'घराचे दार' लिहिलं आणि पुढची टिंबं द्यायला लागले. टक. टक. टक.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिशी हितं पेन व्हतं का गं?"

माझा हात थांबला. त्या दिवशीचं टेबल मला लख्ख दिसलं. ताट, तांदूळ, साय धरलेले दोन कप, सुई. आणि कपांच्या शेजारी निळं बॉलपेन, आणि त्याखाली झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांचा अख्खा गठ्ठा. चार तास ऊन होतं, नजर होती, चिठ्ठी गुडघ्यावर होती, आणि ते स्वतःहून विचारत होते, वाचू का.

"होतं," मी म्हणाले. "टेबलावरच होतं."

चाचांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"माज्या बी खिशात व्हतं," ते म्हणाले.